अर्धेलीचे बोंबील

पाली, उत्तन
१८ ऑगस्ट, रविवार

प्रिय रॉबर्ट,

वर आशीर्वाद लिहिला तर तू पुढे वाचणार नाहीस आणि लाल सलाम लिहायला माझा हात धजत नाही, म्हणून नुसतंच प्रिय लिहिलंय. तेवढं चालवून घे. फोन तू कट करतोस. सतरा वर्षांत मी सात वेळा केला आणि सातही वेळा तू कट केलास. पत्राचं तसं नाही. फाडायचं म्हटलं तरी त्याआधी माणूस एकदा वाचतोच, हे मी चौतीस वर्षं वर्गात पोरांच्या चिठ्ठ्या पकडून शिकले आहे.

बातमी अशी, की तुझी बहीण मार्क्सवादी झाली आहे. हे मी नाही म्हणत, आपले नवे धर्मगुरू फादर शेन म्हणतात. तुझ्या निम्म्या वयाचा मुलगा आहे, स्कूटरवर फिरतो, आवाज गोड आहे. पण परवा चर्चच्या नोटीस बोर्डासमोर उभा राहून माझ्याकडे असा बघत होता, की जणू मी वर्गात गाइड लपवलंय.

झालं असं. निवृत्त झाल्यावर शिकवल्याशिवाय मला अन्न पचेना. म्हणून दर गुरुवारी दुपारी बायकांना जमवायला लागले. पावसाळ्यात आमच्या पडवीत बसतो, ऊन पडलं की खळ्यात, जिथे आपले बोंबील वाळतात तिथेच. शुभवर्तमानातला एखादा उतारा वाचायचा, त्यावर बोलायचं, चहा प्यायचा. निम्म्या बायका आपल्या पालीच्या, बाकीच्या खळ्यात मजुरी करणाऱ्या. त्यांत तारोडीची हंसा आहे. नवरा बोटीवर खलाशी आहे, दोन मुली. हंसा हिंदू आहे. पहिल्या दिवशी चहासाठी आली, दुसऱ्या दिवसापासून मला प्रश्न विचारायला येते.

एका गुरुवारी गरिबांसाठी सुवार्ता आली आहे असा उतारा होता. मी विचारलं, “गरिबाला सुवार्ता म्हणजे काय?” मला वाटलं कोणी स्वर्ग म्हणेल, कोणी क्षमा. हंसा म्हणाली, “नळाला रोज पानी येनार, ही सुवार्ता.” मग सगळ्या सुटल्या. पाणी का येत नाही, मजुरी का वाढत नाही, आपण गरीब का. मला मोठं कौतुक वाटलं. मी चार्ट पेपर आणला, मोठ्या अक्षरांत ‘गरीब गरीब का?’ असं लिहिलं आणि तो नोटीस बोर्डावर लावला.

“टीचर, हा तर मार्क्सचा प्रश्न आहे,” फादर म्हणाले.

मी म्हटलं, “फादर, प्रश्न हंसाचा आहे. मार्क्स पालीला कधी आला नव्हता.”

आता मला या जगात ओळखीचा मार्क्सवादी एकच, तो म्हणजे तू. सेमिनरी सोडून सोलापूरच्या विडी कामगार बायकांची युनियन करायला गेलेला माझा धाकटा भाऊ. तेव्हा मला समजावून सांग, मी नेमकी काय झाले आहे?

दुसरं काम कागदाचं आहे आणि ते खरं तातडीचं. खळ्यातल्या आपल्या अकरा वलांड्या, बांबूच्या ज्या रांगांवर दोऱ्या बांधून बोंबील टांगतात त्या, बाबांनी तुझ्यामाझ्या दोघांच्या नावावर केल्या. आजवर खळ्याच्या नोंदवहीत तुझ्या नावापुढे ‘परगावी’ लिहून मी वेळ मारून नेत होते. यंदा खळ्याच्या कमिटीने नियम केलाय. वही लिहिण्याच्या दिवशी, २० ऑक्टोबरला, दोन्ही सह्या नसतील तर जागा मागणाऱ्या जवळच्या नातेवाइकाला जाईल. मागणारा कोण? आपला चुलतभाऊ कॉलिन. त्याला तिथे मीरा रोडच्या पाहुण्यांसाठी समुद्र दिसणारी खोली बांधायची आहे. तसं झालं तर हंसा आणि आणखी तेरा बायका माझ्या वलांड्यांवर मासळी सुकवतात त्यांनी कुठे जायचं? सोबत फॉर्म आहे. सही करून पाठव, एवढंच मागते.

तुझी बाय,
बर्नडेट


४ सप्टेंबर

प्रिय रॉबर्ट,

तुझं कार्ड आलं. तीन ओळी! पोस्टमनला मी चहा पाजला, त्याला काही कळेना. ‘पत्र मिळालं. प्रश्न जुना आहे, पालीला उशिरा पोचला. वलांड्या तुझ्या, त्या बायका तिथे कोणत्या बोलीवर मासळी सुकवतात ते लिही, मग सहीचं बघू.’ एवढंच. पूर्वी थोरल्या बहिणीला ‘बाय’ अशी हाक मारायचास, ती मारली नाहीस. असू दे. अक्षर अजून तसंच घाणेरडं आहे, ते बघून फार बरं वाटलं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते, पण आधी एक गंमत ऐक.

गेल्या गुरुवारी आम्ही द्राक्षमळ्याचा दाखला घेतला. तुला पाठ असेल. मालक सकाळी नाक्यावरून मजूर घेतो, दुपारी आणखी घेतो, संध्याकाळी पाचला जातो तर काही माणसं अजून उभीच. त्यांनाही घेतो आणि शेवटी सगळ्यांना सारखीच मजुरी देतो. दर रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गात मी हा दाखला शिकवला. मालक उदार, म्हणजे देव उदार, दुसऱ्याचं चांगलं बघून जळू नये. परीक्षेत पाच मार्कांना यायचा.

हंसाने विचारलं, “पाच वाजेपर्यंत ती मानसं का उभी होती, टीचर?”

“असतील आळशी,” मी म्हटलं.

ती हसायलाच लागली. “आळशी मानूस घरी झोपतो. पाचपर्यंत नाक्यावर उभा ऱ्हातो त्याला काम पायजेच हाय. मी भाईंदरच्या नाक्यावर दोन वर्सं उभी होती. शेवटी कोन ऱ्हातं म्हाईत हाय? म्हातारी, लंगडी, न्हायतर पोटुशी. त्यांची चूल पन आमच्याएवढीच मोठी हाय.”

मी पुस्तक मिटलं. एवढी वर्षं तो दाखला मी मालकाच्या बाजूला उभी राहून शिकवत होते आणि आपण कुठे उभ्या आहोत हे मला ठाऊकच नव्हतं. हंसाला शिकवायची गरज पडली नाही, कारण ती नाक्यावरूनच बघत होती. हंसा आणखीही एक वाक्य बोलली, पण ते विशेष नाही.

फादरना हे सांगितलं तर ते थोडे पाघळले. म्हणाले, याला मुक्तीचं ईशज्ञान म्हणतात. तिकडे लॅटिन अमेरिकेत पन्नास-साठ वर्षांपूर्वी गरीब माणसं अशीच वाड्यावस्त्यांत बसून शुभवर्तमान वाचायला लागली, धर्मगुरूंनी त्यांचं ऐकलं, गरिबी का आहे हे समजून घ्यायला मार्क्सची मदत घेतली आणि मग रोमहून ताकीद आली. मी विचारलं, “तुम्हाला सेमिनरीत हे शिकवलं का?” “एक तास,” ते म्हणाले, “त्यातली चाळीस मिनिटं सावध राहा म्हणून सांगण्यात गेली.”

हा खोडकर आहे रे. तुला आवडेल.

बायका कोणत्या बोलीवर सुकवतात ते पुढच्या पत्रात लिहिते, आज पान संपलं.

बाय


१५ सप्टेंबर

प्रिय रॉबर्ट,

पान संपलं नव्हतं. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही, म्हणून लिहिते.

हंसाचं ते दुसरं वाक्य असं होतं: “पन टीचर, त्यो मालक बरा. त्यो अर्धा वाटा मागत न्हाय.”

माझ्या वलांड्या अर्धेलीने आहेत. बायका ओले बोंबील आणतात, धुतात, जबड्यात जबडा अडकवून जोड्या टांगतात, कावळे हाकतात, उलटवतात, सुकल्यावर उतरवतात. आणि निम्मे माझ्या पडवीत आणून ठेवतात. बाबांच्या वेळेपासून असंच आहे. मी याला मदत म्हणत होते. सगळ्यांना सांगायचे, हंसाला मी माझ्या वलांड्या वापरायला देते. खोटं नव्हतं ते. फक्त अर्ध्यावर थांबत होतं.

ती बोलली तेव्हा कोणीतरी खुदकन हसलं, आणि सगळ्या हसल्या, मीही हसले. घरी आल्यावर मात्र मला इतका राग आला की मी संध्याकाळची प्रार्थना अर्धवट सोडली. हिला मी अक्षरं शिकवली, हिच्या मुलींना दप्तरं दिली, आणि ही मला चारचौघीत असं बोलते? रात्रभर मनात भांडले. सकाळी पडवीत सुक्या बोंबलांचे तीन डबे दिसले. मी एकटी बाई, दात निम्मे गेलेले, एवढे बोंबील मी करते तरी काय? विकते, रॉबर्ट. आणखी काय करणार?

तू सेमिनरीत असताना सुट्टीत एक सायक्लोस्टाइल केलेली पुस्तिका आणली होतीस, आठवते? मुक्तीच्या ईशज्ञानावरचीच होती. तू वाच वाच म्हणत मागे लागलास, मी उघडलीसुद्धा नाही आणि आईने ती मासळीच्या डब्याच्या तळाला घातली. या आठवड्यात माळा उपसून डबा काढला. अर्धी पानं तेलकट आहेत, वास तर विचारू नकोस, पण वाचली. नाकाला रुमाल लावून दोनदा वाचली. दान देणाऱ्याने, दान घ्यायची वेळ दुसऱ्यावर का येते हे विचारलंच पाहिजे, असं त्यात आहे. मार्क्सचा चष्मा आम्ही घेतला, पण डोळे आमचेच आहेत, असंही कोणीतरी समासात लिहिलंय. अक्षर घाणेरडं आहे, म्हणजे तूच.

मग तुझं काय झालं? तू चष्मा ठेवलास आणि घर सोडलंस. अफूच्या त्या वाक्यावरून तू मला किती पिडलंस! त्याच्याच आधी मार्क्सने धर्माला पिचलेल्यांच्या उसाशासारखं काहीतरी म्हटलंय, हे तुझ्याच पुस्तिकेत आहे. ते मला कधी सांगितलं नाहीस. तूही अर्ध्यावर थांबायचास म्हणजे.

मी ठरवलंय. अर्धेल बंद. अकराही वलांड्या त्या चौदा बायकांना फुकट देऊन टाकायच्या, पाळीपाळीने वापरू देत. नवा फॉर्म पाठवतेय, त्यात ‘दान’ असं लिहिलंय. खाली तुझी सही हवी. आता तरी तुला आनंद होईल, कॉम्रेड.

तुझी उदार बाय


३० सप्टेंबर

रॉबर्ट,

प्रिय लिहिणार नव्हतेच.

माझा फॉर्म तू सही न करताच परत पाठवलास! वर लाल शाईने ‘दान’ या शब्दाला गोल. माझ्या फॉर्मवर लाल शाई! चौतीस वर्षं ती शाई मी वापरली आहे, माझ्यावर कोणी वापरली नव्हती.

आणि ते चिटोरं: ‘मालकिणीने दिलेली वलांडी मालकीण कधीही परत घेते. आज तू उदार आहेस, उद्या तुझा मूड गेला तर? आधी बायकांनी एकत्र येऊन मागू दे, हक्काने. मग सही करतो.’ माझा मूड! लोकां सांगे ब्रह्मज्ञान! अरे, तुझ्या नावावरही साडेपाच वलांड्या आहेत. सोलापुरात बसून तूही मालकच आहेस.

वीस दिवस उरलेत. कॉलिन काल खळ्यात टेप घेऊन लांबी मोजत होता. तुझ्या तत्त्वापायी त्या चौदा जणी रस्त्यावर येतील आणि कॉलिनच्या खोलीत पाहुणे समुद्र बघत बसतील. हे तुला चालणार आहे?

तुला मदत मागितली हीच माझी चूक झाली.

बर्नडेट


९ ऑक्टोबर, स्पीड पोस्टने

प्रिय रॉबर्ट,

अभिनंदन. तुझ्या बहिणीविरुद्ध संप झालाय.

मी एक मूर्खपणा केला. मागच्या गुरुवारी बायकांना तुझं चिटोरं मोठ्याने वाचून दाखवलं. म्हटलं, बघा माझा भाऊ कसा दगड आहे, मी देतेय आणि हा देऊ देत नाही. वाटलं होतं, सगळ्या मला अरेरे म्हणतील. हंसाने कागद हातात घेतला, एकेक शब्द लावून पुन्हा वाचला आणि म्हणाली, “बरोबर बोलतो टीचरचा भाव.” बाकीच्या मान हलवायला लागल्या. पालीच्या जोआनने तर विचारलं, “उद्या टीचर वर गेल्या आनि कॉलिनशेट आला तर आपल्या हातात काय हाय?”

मला मिरच्या झोंबल्या. तुझं म्हणणं खरं करायला मला पाच मिनिटंही लागली नाहीत. मी म्हणाले, “असं? मग राहू दे. अर्धेल चालूच.” माझा मूड गेला, रॉबर्ट. तू लिहिला होतास तसाच.

सोमवारी पावसानंतर वलांड्यांचे खांब पुन्हा उभे राहिलेले, ऊन कडक, बोटी बोंबलांनी भरून आलेल्या. आणि माझ्या अकरा वलांड्या रिकाम्या. चौदाही जणी खळ्याच्या कडेला हाताची घडी घालून बसलेल्या. मी म्हटलं, काय अडलंय? दोन टोपल्या घेतल्या आणि स्वतः टांगायला लागले. चाळीस वर्षांत टांगले नव्हते. बोंबलाचे दात सुईसारखे असतात हे विसरले होते. दुपारपर्यंत माझी एक दोरी भरली आणि दहाही बोटं रक्ताळली. फादर शेन टी-शर्ट घालून मदतीला आले. त्यांनी टांगलेला प्रत्येक बोंबील खाली पडला. मांजरांना एवढी सुवार्ता आजवर कोणी दिली नसेल.

शेवटी हंसालाच बघवेना. उठली, फादरना बाजूला केलं आणि भराभरा पन्नास जोड्या लावून दिल्या. “संप हाय,” ती म्हणाली, “पन मच्छी नासवायची न्हाय.” आणि पुन्हा जाऊन बसली. मी चहा करून नेला. मालकिणीचा चहा घ्यायचा की नाही यावर त्यांनी तिथल्या तिथे मत घेतलं. आठ विरुद्ध सहा. घेतला.

हे सगळं लिहिताना मला हसू येतंय आणि बोटांना पट्ट्या असल्याने पेन नीट धरता येत नाही. पण आज मला हे लिहायचं नव्हतं.

त्या पडलेल्या बोंबलांजवळ बसले होते तेव्हा तुझी आठवण आली आणि मी ओळखलं, की तुझ्याबाबतीतही मी गेली सतरा वर्षं अर्धंच सांगत आले आहे. गावात मी सगळ्यांना सांगितलं, की आईच्या मयताला रॉबर्ट आला, मिस्सा चालू असताना चर्चच्या बाहेर उभा राहिला आणि खांदा न देताच निघून गेला. हे इतक्या वेळा सांगितलं की मलाही तसंच आठवायला लागलं होतं. तसं घडलं नव्हतं. तू सिमेत्रीच्या फाटकापर्यंत चालत आलास. पेटीला हात लावलास. तो हात मी काढला. देव न मानणाऱ्याचा हात आईला नको, असं म्हणाले आणि कॉलिनला तुझ्या जागी उभं केलं. तू फाटकातूनच परत फिरलास.

तिची शेवटची दोन वर्षं तू दर महिन्याला येऊन तिची नखं कापायचास. मी नाही, तू. तुझी जागा होती ती, आणि मी ती देणारी किंवा घेणारी कोणीच नव्हते. माझं चुकलं. फार चुकलं. ही माफी सहीसाठी मागत नाही. सही द्यायची तर त्यांना दे.

वही वीस तारखेला लिहितात. संप चालू आहे. मी अजून हरलेले नाही, पण बोटं हरली आहेत.

तुझी बाय


३ नोव्हेंबर

प्रिय रॉबर्ट,

तुला ठाऊक नसेल, पण तेरा तारखेला मी खिडकीत होते. बसमधून उतरलास, खांद्यावर कापडी पिशवी, बगलेत सोलापुरी चादर. केस सगळे गेले की रे! मी चटकन उठून साडीचा पदर नीट केला, दार उघडलं. आणि तू माझ्या फाटकासमोरून सरळ चालत पुढे गेलास, खळ्यात, आणि त्या चौदा जणींच्या रांगेत जाऊन मांडी घालून बसलास.

पहिल्यांदा मला रडू आलं. मग खात्री पटली, की अगदी तूच आहेस. एवढ्या वर्षांनी बहिणीकडे आलास तो बहिणीविरुद्धच्या संपाला. रात्री निजायला मात्र माझ्याच घरी आलास.

ती घोषणा मी ऐकली. ‘मालकीणबाई होशमें आओ’ एवढं ठीक होतं, पण तू हळू म्हणत होतास आणि बायका जोरात. फादर शेनही म्हणत होते. त्यांना नंतर मी बघून घेतलं.

वाटाघाटीचा दिवस मात्र मी विसरणार नाही. आईच्या जेवणाच्या टेबलावर एका बाजूला मी, एका बाजूला हंसा, जोआन आणि तू. बायकांना आधी प्रार्थना हवी होती, तुला आधी मागण्या वाचायच्या होत्या. “दोन्ही करा,” हंसा म्हणाली, “पन लवकर. ऊन चाललंय.” मग दोन्ही झालं. अर्धेल कायमची बंद. वलांड्या कोणाच्याच नाहीत, समूहाच्या, वहीत समूहाचं नाव. जी हाताने काम करेल तिला रांग, जी करणार नाही तिला नाही. मी सगळ्याला होकार दिला, तर तू म्हणालास एवढ्या लवकर नको, थोडं ताणून धर, बायकांना सवय व्हायला हवी! मी विचारलं, “तू आहेस तरी कोण, मालक की त्यांचा?” “सही करेपर्यंत त्यांचा,” म्हणालास. आणि उठून टेबलाला वळसा घातलास, माझ्या शेजारच्या खुर्चीत बसलास आणि मालक म्हणून सही केलीस. मग पुन्हा वळसा घालून त्यांच्या बाजूने साक्षीदार म्हणून. जोआन हसून हसून खुर्चीवरून पडायची राहिली.

वीस तारखेला कमिटीत कॉलिनने वही दोनदा उलटसुलट पाहिली. आता तो मला ‘कॉम्रेड टीचर’ म्हणतो, टोमणा म्हणून. मी ‘बोल कॉलिन’ म्हणते.

माझ्या नऊ तारखेच्या पत्राबद्दल तू चार दिवसांत काही बोलला नाहीस. मीही विषय काढला नाही. जायच्या आदल्या संध्याकाळी भांडी घासताना तू एवढंच विचारलंस, “आईच्या कबरीवर फुलं कोण ठेवतं?” मी म्हटलं, मी. “मग जागा दाखव,” म्हणालास. आपण गेलो. तू हात पुढे केलास आणि दगडावरचं शेवाळ नखाने खरवडायला लागलास. मी शेजारी बसून दुसरी बाजू खरवडली. तू देवाला मानत नाहीस आणि मी मानते, ते तसंच राहील. मला आता त्याची भीती वाटत नाही.

आता मुद्द्याचं.

काल चिठ्ठ्या टाकून पहिल्या पाळीच्या अकरा रांगा वाटल्या, उरलेल्यांची पाळी पुढच्या महिन्यात. तू गेल्यावर तुझंही नाव चिठ्ठ्यांत टाकायचं, असं बायकांनी बहुमताने ठरवलं होतं. समूहात मीही साधी सभासद आहे, म्हणून माझीही चिठ्ठी पडली. माझ्या वाट्याला गटाराकडची रांग आली. हंसाला मधली, वाऱ्याची. तिने रांगेवरून असा हात फिरवला, की मला दुसरीकडे बघावं लागलं. तुझी रांग माझ्या शेजारची.

आज पहाटे उठून मी माझी रांग भरली आणि गुपचूप तुझीही निम्मी भरली. म्हटलं, कोणाला कळतंय. हंसाने पकडलं. समूहाची वही काढली, बोट ठेवलं आणि वाचून दाखवलं: दुसऱ्याच्या हातून भरलेली रांग धरली जाणार नाही, पंधरा दिवस रिकामी राहिली तर नाव कापलं जाईल. “तुमच्या भावानंच लिवलंय, टीचर.” मी खूप सांगून पाहिलं. त्याचं वय झालंय, सोलापूर लांब आहे, युनियनचं काम असतं. तिने माझं सगळं ऐकून घेतलं आणि वही मिटली.

तेव्हा सतरा तारखेच्या आत ये. तू रात्री निजायचास ती खोली झाडून ठेवली आहे, पण हंसाला त्याच्याशी देणंघेणं नाही. ती म्हणते, त्याला सांगा, हातमोजे आनू नको, मासा निसटतो.

तुझी बाय